दहा मिनिटं चार्जिंगला लावायची पौराणिक तलवार : मास्टर सोर्ड वापरून बघितली, त्याचा रिव्ह्यू

व्हिडिओ गेम चालू आहे, समोर काळा हिनॉक्स. म्हणजे एक डोळा असलेला, ढेरपोट्या, दोन मजली घराएवढा राक्षस. मी मागून जाऊन त्याच्या पायावर सपासप वार करतोय, पार्श्वभूमीला ते टेन्शनवालं म्युझिक चालू आहे, आणि नेमका त्याच क्षणाला स्क्रीनवर मेसेज येतो की तलवारीतली शक्ती संपली. हातातून तलवार गायब. आणि ही साधीसुधी तलवार नव्हे बरं का, ही ती तलवार आहे जिच्यासाठी मी तीन आठवडे देवळं पालथी घातली, जी म्हणे अंधाराचा नाश करायला बनवलीय, जिला फक्त निवडलेला वीरच उचलू शकतो वगैरे वगैरे. आणि ती बंद का पडली? तर त्याच सकाळी मी तिने झाडं तोडली होती म्हणून. हाटेनो गावात एक पडकं घर विकत घेत होतो, तो बोल्सन नावाचा कंत्राटदार आधी पन्नास हजार सांगतो आणि मग एकदम ३००० रुपी (हे गेममधलं चलन) आणि लाकडाच्या ३० मोळ्यांवर येतो (कंत्राटदार कुठलाही असो, पहिला भाव हा असाच असतो), तर त्या मोळ्यांसाठी मी देवाच्या तलवारीची कुऱ्हाड केली होती. हिनॉक्सने मला जे आपटलं ते माझ्याच कर्माने.

तर रिव्ह्यू मास्टर सोर्डचा. गेम म्हणजे द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड, ३ मार्च २०१७ ला आलेला, निन्टेन्डो स्विच आणि वी यू दोन्हीवर. मी फार उशिरा खेळलो कारण स्विच आपल्याकडे कंपनी अधिकृतपणे विकतच नाही, बाहेरून आलेला माल घ्यायचा तर किंमत ऐकूनच घाम फुटतो, शेवटी मावसभावाने त्याचा जुना सेट 'खेळ थोडे दिवस' म्हणून दिला आणि ते थोडे दिवस अजून चालू आहेत. सगळ्या गेमचा रिव्ह्यू लिहायचा नाहीये, तो हजार जणांनी लिहिलाय. मला फक्त तलवारीबद्दल बोलायचंय, कारण या एका वस्तूवरून माझं आणि मित्रांचं जेवढं भांडण झालंय तेवढं क्रिकेटवरूनही झालं नाही.

आधी ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी. या गेममध्ये शस्त्रं तुटतात. म्हणजे जवळजवळ सगळीच. झाडाची फांदी उचलून मारली तर चार फटक्यात मोडते, साधी प्रवाशाची तलवार वीसेक फटके टिकते, आणि अगदी राजघराण्यातली भारी रॉयल ब्रॉडसोर्ड घेतली तरी पस्तीस-छत्तीस वारांनी तिचे तुकडे होतात. त्यामुळे होतं काय, की आपण चांगली वस्तू वापरतच नाही. आपल्या घरात तो पाहुण्यांसाठीचा कपबशीचा सेट शोकेसमध्ये असतो ना, जो वीस वर्षांत चारदा निघतो, तसा माझ्या बॅगेत भारी शस्त्रांचा ढीग पडलेला आणि मी लढतोय कशाने तर गंजलेल्या भाल्याने. का? तर पुढे मोठा शत्रू आला तर लागेल. मोठा शत्रू आला तरी वाटायचं की याच्यापेक्षा मोठा आला तर.

मास्टर सोर्ड ही यातली एकमेव तलवार जी तुटत नाही. पण संपते. यातच सगळी मेख आहे. आकडे सांगतो, गेम स्वतः टिकाऊपणाचा आकडा दाखवत नाही पण लोकांनी गेमच्या फायली उकरून काढलेत, नेहमीच्या अवस्थेत ४० वार. मग ती बंद होते आणि बरोबर दहा मिनिटं, खरीखुरी घड्याळातली दहा मिनिटं, चार्ज होत बसते. तोपर्यंत बॅगेत असते पण हातात घेता येत नाही. टाकता येत नाही, विकता येत नाही, जागा मात्र अडवते. मारक शक्ती ३०. आता ३० म्हणजे किती, तर वर म्हटलेली रॉयल ब्रॉडसोर्ड ३६ ची आहे, आणि पांढऱ्या आयाळीच्या लायनेलला मारलं की सॅव्हेज लायनेल सोर्ड मिळू शकते ती ५८ ची. म्हणजे घोडामानवाच्या हातातली उष्टी तलवार या पवित्र तलवारीच्या जवळजवळ दुप्पट. माझा एक मित्र तर इथेच उठून गेला, त्याचं म्हणणं 'एवढी मारामार करून तीस?' आणि कागदावर बघितलं तर तो चुकीचा नाहीये.

पण कागदावर नाही बघायचं, रानात बघायचं.

किल्ल्याच्या आसपास ते गार्डियन फिरतात ना, कोळ्यासारखे पायवाले जुने यंत्रराक्षस, ज्यांच्या लाल ठिपक्याने सुरुवातीला माझी पाचावर धारण बसायची, त्यांच्या जवळ गेलात की तलवार निळी उजळते. आपोआप. आणि ३० ची होते ६०. आणि टिकाऊपणा पण ४० वरून १८८ वर जातो, म्हणजे ती जवळजवळ दमतच नाही. हेच हायरूल किल्ल्यात, हेच त्या चार डिव्हाइन बीस्टच्या, म्हणजे अवाढव्य यांत्रिक पशूंच्या पोटात, आणि हेच गॅनन या मुख्य खलनायकासमोर. पहिल्यांदा गार्डियनचे पाय एकेक करून तोडले आणि तो भलामोठा लोखंडी कोळी बाजूला कलंडला तेव्हा मी सोफ्यावर उभा राहिलो होतो. आई आतून म्हणाली, 'काय रे, पडलास का?' म्हटलं मी नाही, तो पडला.

मला कळायला वेळ लागला तो मुद्दा हा, की ही तलवार म्हणजे घरातला इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरवर कोणी गिझर लावत नाही. उन्हाळ्यात लोडशेडिंग असायचं तेव्हा आमच्याकडे नियमच होता, दोन ट्यूब, एक पंखा, बास, मिक्सर लावलास तर बाबांचा आवाज. तसंच हिचं आहे, जे काम तिचं आहे ते दिलंत तर रात्रभर चालेल, लाकडं फोडायला लावलीत तर दहा मिनिटं अंधारात बसा. हे डोक्यात शिरल्यावर माझा खेळच बदलला. आधी मी तिलाही शोकेसमध्ये ठेवत होतो, मग लक्षात आलं की अरे ही परत भरते, मग जपायची कशाला, आता उलटं करतो, छोट्या छावणीवर हल्ला करायचा तर पहिली हीच काढतो, संपेपर्यंत वापरतो, ती चार्ज होईपर्यंत बाकीची शस्त्रं खर्च करतो, तोवर दहा मिनिटं होतातच कारण मध्ये मी कुठेतरी फुलपाखरं नाहीतर मशरूम गोळा करत भरकटलेलो असतो. आणि गंमत म्हणजे त्यामुळे बाकीची शस्त्रं पण मोकळ्या हाताने वापरायला लागलो, कारण मागे कायम एक आधार आहे ही खात्री असते. शत्रू मारण्यापेक्षा ही तलवार कंजूषपणा मारते असं माझं मत झालंय.

मिळवायची भानगड आता. ही इथली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे त्यामुळे जरा सविस्तर.

तलवार आहे कोरोक फॉरेस्टमध्ये, हायरूल किल्ल्याच्या उत्तरेला, आणि तिथे जायचं तर लॉस्ट वूड्समधून. या जंगलात धुकं आहे आणि रस्ता चुकलात की धुकं तुम्हाला गिळतं आणि परत सुरुवातीला आणून ओकतं. चकवा लागणं आपल्याकडे म्हणतात ना, अगदी तेच, आजोळी रात्री बांधावरून जाताना मामा सांगायचा तसला चकवा. नकाशा इथे काही कामाचा नाही. मी सहा-सात वेळा बाहेर फेकला गेलो. मग कळलं की सुरुवातीला मशाली पेटलेल्या आहेत त्यांच्या ठिणग्या कुठे उडतायत ते बघायचं, वारा जिकडे तिकडे आपण. पुढे पुढे पेटलेल्या मशाली संपतात, मग स्वतःच्या हातात एक पेटवून घ्यायची आणि तिच्या ठिणग्या बघत चालायचं. कोणी हे सांगत नाही. कुठे बाण नाही, पाटी नाही. स्वतःला कळलं तेव्हा जो आनंद झाला तो तलवार मिळाल्यापेक्षा जास्त होता खरं सांगू तर.

आत गेलं की एकदम ऊन, पाचोळा, ती छोटी झाडपिल्लं कोरोक, आणि मध्ये दगडात रोवलेली तलवार. मागे देकू ट्री, म्हातारं झाड, बोलतं. जाऊन मुठीला हात घातला की ओढायला लागायचं आणि तुमची हार्ट (गेममध्ये जीव किती उरलाय ते यांनीच मोजतात) एकेक करून कमी व्हायला लागतात. तेरा पूर्ण हार्ट पाहिजेत. पिवळी म्हणजे खाऊन मिळवलेली तात्पुरती हार्ट चालत नाहीत, मी भरपूर पिवळी घेऊन गेलो होतो हुशारी करून, उपयोग शून्य. झाड सांगतं बाबा सोड, मरशील. आणि हट्टाने ओढत राहिलात तर खरंच मरता. हे मला फार आवडलं, नुसतं 'तुमची लेव्हल कमी आहे' असं बटण करडं करून ठेवलं नाही, ओढून बघ म्हणतात, बघ काय होतं ते.

गणित असं आहे. सुरुवात तीन हार्टने. चार श्राइन म्हणजे छोटी कोड्यांची देवळं सोडवली की एक हार्ट नाहीतर स्टॅमिनाचा एक तुकडा. एकूण श्राइन १२०. चारही डिव्हाइन बीस्ट जिंकलात तर चार हार्ट तिथे मिळतात, मग २४ श्राइनमध्ये काम होतं, एकही बीस्ट केला नसेल तर ४० लागतात. आणि मी शहाणा, मी सगळं स्टॅमिनात घातलेलं, कारण डोंगर चढायला लागतो आणि मला डोंगर दिसला की चढल्याशिवाय राहवत नाही (दर पावसाळ्यात सिंहगडावर जाऊन पाय सुजवून घेतो पण ते वेगळं). माझ्याकडे तेव्हा दोन बीस्ट धरून सात हार्ट होती आणि स्टॅमिनाची दोन चाकं (स्क्रीनवर स्टॅमिना चाकासारखा गोल दिसतो) फुल्ल.

इथे हाटेनो गावातली ती शिंगवाली मूर्ती उपयोगी पडते. कोपऱ्यात एक काळपट पुतळा आहे, हायलिया देवीने दगड करून टाकलेला राक्षस आहे तो, आणि त्याचा धंदा म्हणजे हार्ट आणि स्टॅमिनाची अदलाबदल. तुमच्याकडून एक काढून घेतो, १०० रुपी देतो, दुसरं हवं असेल तर १२० रुपी घेतो. म्हणजे एका अदलाबदलीमागे त्याचं वीस रुपी कमिशन, सोनाराच्या घडणावळीपेक्षा स्वस्तच म्हणायचं. मी पाच स्टॅमिना देऊन पाच हार्ट घेतली, बारा झाली, मग चार श्राइन आणखी करून तेरावं, जाऊन तलवार ओढली, आणि परत येऊन पाच हार्ट देऊन स्टॅमिना सोडवून घेतला. जाऊन येऊन २०० रुपी. ज्या देवीची ती तलवार, तिनेच शाप दिलेल्या राक्षसाच्या मदतीने वीरत्वाची परीक्षा पास झालो, आणि गेमने एका शब्दाने विचारलं नाही. तलवार मिळाल्यावर हार्ट कमी झाली तरी ती परत कोणी मागत नाही.

हातात आल्यावरचं काही थोडकं. हार्ट पूर्ण भरलेली असतील तर आर बटणाने (ज्याने बाकीची शस्त्रं फेकली जातात) ही निळा किरण सोडते, दिसायला झकास, पण त्यानेही चार्ज उतरतो हे विसरू नका. एकहाती आहे, हलकी आहे, उडी मारून वार चुकवला की जो स्लो मोशनमध्ये वारांचा पाऊस पाडता येतो त्याला एकदम फिट्ट. आवाज. तिचा म्यानातून निघतानाचा आवाज ऐका हेडफोन लावून. जुन्या खेळाडूंना तर त्या आवाजाने भरून येत असणार, कारण ही तलवार १९९१ च्या अ लिंक टू द पास्टपासून आहे, त्यातही हार्ट फुल्ल असली की किरण सुटायचा, म्हणजे ही खोड जुनी आहे. १९९८ च्या ऑकारिना ऑफ टाइममध्ये ती दगडातून उपसली की गेमचा नायक, पोरगा लिंक, सात वर्षं झोपतो आणि मोठा होऊनच उठतो. २०११ च्या स्कायवर्ड सोर्डमध्ये ती घडली कशी हे दाखवलंय, देवीची साधी तलवार तीन पवित्र ज्वाळांमध्ये तावून ही झाली. यातलं मी फक्त एक पूर्ण खेळलोय त्यामुळे फार ज्ञान पाजळत नाही. पण भवानी तलवारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तलवारीला नाव असतं, स्वभाव असतो, ती कोणाच्या हातात जाते याला अर्थ असतो, हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता तक्रारी. पहिली, चार्ज किती उरलाय ते दिसत नाही. संपत आली की इशारा येतो पण तोपर्यंत तुम्ही अर्ध्या लढाईत. मोबाईलला टक्के दाखवतात, इन्व्हर्टरला लाल दिवा लागतो, देवीच्या तलवारीला एक छोटी पट्टी नाही देता आली? दुसरी, खरी मोठी तक्रार, तलवारीची पूर्ण ताकद पैसे भरून मिळते. 'ट्रायल ऑफ द सोर्ड' म्हणून एक भाग ३० जून २०१७ ला आला, एक्स्पान्शन पासमध्ये (म्हणजे गेमचे जादा भाग, वेगळे पैसे भरून), पास अमेरिकेत वीस डॉलरला एक सेंट कमी. त्यात तलवार परत त्या दगडात रोवायची आणि तीन टप्प्यांची परीक्षा द्यायची. पहिला टप्पा झाला की ३० ची ४० होते, दुसऱ्यानंतर ५०, तिसऱ्यानंतर ६०, आणि मग ती कायम उजळलेली राहते, गार्डियन असो नसो. चार्जिंगची दहा मिनिटं मात्र सुटत नाहीत.

पैशाचं सोडा, परीक्षा मात्र लाजवाब आहे. सगळं काढून घेतात. कपडे, शस्त्रं, खाणं, सगळं, चड्डीवर उभे करतात अक्षरशः. पहिल्या मजल्यावर जे सापडेल ते उचलायचं आणि पुढच्या पुढच्या मजल्यावर जायचं, मध्येमध्ये एखादा आरामाचा मजला येतो जिथे चूल असते, तिथे गोळा केलेलं शिजवून घ्यायचं. मेलात की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून, मध्ये सेव्ह नाही. पहिल्या टप्प्यात बारा मजले आहेत आणि मी पहिल्या दिवशी पाचदा मेलो, त्यातला एक मृत्यू स्वतःच लावलेल्या बॉम्बने. पण इथेच मला माझ्या शोकेसवाल्या स्वभावाचा पूर्ण इलाज झाला. फांदीने लढायचं, फांदी मोडली की शत्रूच्या हातचं हिसकावायचं, बाण मोजून, सफरचंद मोजून. ज्या माणसाने ढीगभर शस्त्रं जपून ठेवली होती तोच आता एका सुक्या भाल्यासाठी बोकोब्लिन नावाच्या फुटकळ राक्षसाच्या मागे धावतोय. शेवटच्या टप्प्यात गार्डियन आहेत, लायनेल आहे, आणि तुमची गार्डियन मारणारी तलवार तिकडे बाहेर दगडात. हा विनोद ज्याने कोणी केला त्याला नमस्कार.

आणि हो, ही घ्यायलाच पाहिजे असं नाहीये. गेम तिच्याशिवाय संपतो. सुरुवातीच्या पठारावरून उतरून थेट किल्ल्यात घुसून फुटकळ शस्त्रांनी गॅनन संपवणारे महाभाग आहेत. त्यांचे व्हिडिओ बघून मला माझी तेरा हार्टची धडपड आठवली आणि व्हिडिओ बंद केला.

पुढचा भाग टीअर्स ऑफ द किंगडम, १२ मे २०२३ चा, मित्राकडे थोडा खेळलोय. खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. तिथे सुरुवातीलाच तलवार मोडते, अगदी डोळ्यांदेखत, आणि नंतर ती सापडते कुठे तर उडत्या ड्रॅगनच्या डोक्यात रुतलेली. यावेळी हार्ट नाही, स्टॅमिनाची दोन पूर्ण चाकं पाहिजेत, म्हणजे माझ्यासारख्या डोंगर चढणाऱ्यांचा अखेर विचार केला. तिथे तिला दुसरी वस्तू चिकटवता पण येते, लायनेलचं शिंग वगैरे, आकडा वाढतो पण दिसतं कसं ते विचारू नका, पैठणीवर स्वेटर. तो ड्रॅगन कोण आहे हे कळल्यावर मात्र मी आणि मित्र दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

मार्क द्यायचे तर गार्डियनसमोर दहापैकी साडेनऊ, हिनॉक्ससमोर सहा, लाकूडतोडीला शून्य. ज्यांना तलवार म्हणजे सगळ्यात मोठा आकडा हवा त्यांनी लायनेलच्या मागे लागा, सुखी व्हाल. ज्यांना रिकाम्या हाताची भीती वाटते त्यांनी देवळं करायला घ्या, मशाल सोबत ठेवा आणि शिंगवाल्या मूर्तीसाठी थोडे रुपी बाजूला काढा.

माझी सध्या ५० वर अडकलीये. शेवटच्या टप्प्यात लायनेलपर्यंत दोनदा पोचलो आणि दोनदा भुईसपाट झालो. काल मावसभावाचा फोन आला होता, स्विच कधी देतोस म्हणून. त्याला म्हटलं दहा मिनिटं थांब.